काही न होण्याची गोळी

वऱ्हाडात औषधाला हजेरी द्यावी लागते. काढा घेतला की घशाला कळलं पाहिजे, बाम चोळला की डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे, इंजेक्शन टोचलं की दोन दिवस त्या कुशीवर झोपता येता कामा नये. आणि चूर्ण घेतलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा पुरावा अख्ख्या घराला मिळाला पाहिजे. ज्यानं काही झालं नाही ते औषधच नव्हे. अशा मुलखात कोलेस्टेरॉलची गोळी टिकली कशी, याचं मला राहून राहून नवल वाटतं. कारण या गोळीनं काहीच होत नाही. घेतली तरी काही नाही, विसरली तरी काही नाही. चव नाही, वास नाही, गुंगी नाही, तरतरी नाही. मसुरीच्या दाण्याहून जराशी मोठी, पांढरी, गुळगुळीत. हातातून निसटून पलंगाखाली गेली तर झाडूवालीलाच सापडायची.

आणि तरीही अकोल्याच्या जठारपेठेत संध्याकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही मेडिकलच्या काउंटरशी पाच मिनिटं उभं राहून पाहा. साठी ओलांडलेला दर दुसरा माणूस तीच पट्टी मागत असतो. "अॅटोर्वा दे रे, दहाची." मागून आवाज येतो, "मले वीसची." हे 'वीसची' म्हणताना आवाजात जी ऐट असते, ती मी याआधी फक्त ओलिताच्या शेतीबद्दल बोलणाऱ्यांकडे ऐकली आहे. दहावाला थोडा ओशाळतो. त्याला कुणी सांगत नाही की या औषधाचा हिशेब एकरांसारखा चालत नाही. डोस दुप्पट केला म्हणजे परिणाम दुप्पट होत नाही. वाईट म्हणवलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल आणखी सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं, एवढंच. खरी कमाई पहिल्या दहा मिलिग्रॅमनंच करून ठेवलेली असते. अर्थात कुणाला दहा आणि कुणाला ऐंशी हे डॉक्टर उगाच ठरवत नाहीत. पण काउंटरवर ऐट मारण्याइतकं त्यात काही नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त नायब तहसीलदार राहतात. माणूस सज्जन, फक्त जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना प्रकरण वाटते आणि प्रत्येक प्रकरण निकाली काढायचं असतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, साहेबांनी तीन महिने शिस्तीत घेतली, रक्त तपासलं, कागदावर सगळे आकडे चौकटीत बसलेले. त्याच दिवशी पट्टी बंद.

"सर, नारमल आलं ना! मंग आता कायले घेऊ गोयी?"

पुढच्या तपासणीत आकडा पुन्हा जिथल्या तिथं. साहेब कागद घेऊन माझ्याकडे आले. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून गल्लीतले सगळे रिपोर्ट आधी माझ्याकडे येतात आणि मग डॉक्टरकडे. "पुन्हा वाढलं, सर. म्हंजे गोयीत काई दम नाई."

त्यांच्या डोक्यातलं चित्र मला ठाऊक होतं, कारण ते सगळ्यांच्याच डोक्यात असतं. शेगावची कचोरी खाल्ली, तिचं तेल रक्तात उतरलं, रक्तवाहिनीला आतून चिकटून बसलं. आता ही गोळी तिथं जाईल आणि तो थर वितळवून टाकेल. थर वितळला, काम संपलं, गोळी बंद. चित्र सुटसुटीत आहे. अडचण एवढीच, की गोळीला त्या कचोरीचा पत्ताही नसतो.

गोळी आतड्यातून शोषली गेली की आधी यकृतात जाते आणि तिचं मुख्य काम तिथंच होतं. यकृतात कोलेस्टेरॉलचा कारखाना आहे. शरीराला लागणाऱ्या कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा, साधारण तीन-चतुर्थांश, शरीर स्वतःच बनवतं. ताटातून येतो तो उरलेला. आणि बनवतं ते काही हौसेनं नाही. प्रत्येक पेशीच्या भिंतीत ते लागतं, पचनाचं पित्त त्यातून होतं, उन्हात बसल्यावर मिळणारं ड जीवनसत्त्व त्याच वाटेनं तयार होतं, आणि ज्या संप्रेरकांमुळे माणसाला तारुण्यात कविता सुचतात तीही याच मालातून बनतात. कोलेस्टेरॉल शून्यावर आणा असं म्हणणाऱ्याला आपण काय मागतोय ते कळत नाही. साऱ्या रक्तातलं कोलेस्टेरॉल एकत्र केलं तर ते भरतं किती? तीन लिटर रक्तद्रव धरा, डेसिलिटरला दोनशे मिलिग्रॅम धरा, सहा ग्रॅम. चहाचा चमचाभर. एवढ्याशा ऐवजासाठी एवढे दवाखाने.

हा कारखाना तीसेक टप्प्यांचा आहे. त्यातला सुरुवातीचाच एक टप्पा अडवणुकीचा: तिथं एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एक विकर बसलेलं असतं आणि पुढं किती माल जाणार हे तेच ठरवतं. आपल्या गोळीचा, म्हणजे स्टॅटिनचा, एक भाग दिसायला थेट कच्च्या मालासारखा असतो. विकराच्या ज्या खाचेत कच्चा माल बसायचा, तिथं स्टॅटिन जाऊन बसतं. बसतं, पण पुढं काहीच होऊ देत नाही.

"म्हंजे बोगस लाभार्थी!" साहेबांचे डोळे चमकले. "अन् थो असली लाभार्थी बाहेर उभाच?"

बाहेर उभाच. पंचवीस वर्षं चाळीस पानांत मी जे पोरांना समजावू शकलो नाही ते महसूल खात्यानं दोन शब्दांत मिटवलं.

पण गोळीची खरी करामत इथून पुढं आहे, आणि ती सांगायला अकोल्यासारखं गाव नाही. आपल्याकडे पाणी काटेपूर्णा नदीवरच्या महान गावच्या धरणातून येतं आणि नळ रोज येत नाही. म्हणून ज्याच्या त्याच्या अंगणात बोअर. बोअरला पाणी आहे तोवर दारावरून टँकर गेला तरी कुणी मान वर करत नाही. मे महिन्यात बोअर आटली की मात्र तोच माणूस दारात दोन ड्रम आणून ठेवतो, शेजारच्याचा तिसरा मागून आणतो, पाइप जोडतो आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक टँकर अडवतो. यकृताची पेशी अगदी असंच करते. स्टॅटिननं तिची घरची बोअर बंद पाडली की आतली पातळी उतरते. पेशीत ही पातळी राखणारं एक पहारेकरी प्रथिन आहे. त्याला टंचाई कळते, ते थेट केंद्रकात जाऊन वर्दी देतं, आणि पेशी आपल्या पृष्ठभागावर जास्तीचे ड्रम मांडते. शास्त्रात त्यांना एलडीएल रिसेप्टर म्हणतात. रक्तातून कोलेस्टेरॉल घेऊन फिरणारे एलडीएलचे टँकर या रिसेप्टरांना लागतात, आत ओढले जातात, रिकामे होतात. रिसेप्टर दहा मिनिटांत परत दारात हजर, पुढच्या टँकरसाठी. वीसेक तासांच्या आयुष्यात तो अशा शंभराहून जास्त खेपा करतो. रस्त्यावरचे टँकर कमी होतात, आणि आपल्या कागदावरचा आकडा उतरतो. म्हणजे गोळी रक्तातल्या कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. ती फक्त यकृताच्या मनात टंचाईची धास्ती उभी करते. बाकीचं काम यकृत घाबरून आपलं आपण करतं. गंमत ही, की रस्त्यावरचे टँकर मुळात भरले गेलेले असतात तेही याच यकृतातून.

"आणि गोळी बंद केली की?" मी साहेबांना विचारलं. ते हुशार आहेत. "बोअर चालू. ड्रम आत."

तेच. काही आठवड्यांत टँकरांची रांग पहिल्यासारखी. कागदावर जे नॉर्मल आलं होतं ते साहेबांचं नव्हतं, गोळीचं होतं.

रिसेप्टरांची ही भानगड शोधली टेक्सासमधल्या डॅलसच्या दोघांनी, मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी. काही घराण्यांत हे रिसेप्टर जन्मतःच कमी असतात. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तर मूल जवळपास रिसेप्टरांशिवायच जन्मतं आणि कोवळ्या वयातच त्याला हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा मुलांच्या पेशी तपासता तपासता या दोघांना कळलं की दोष रस्त्यावरच्या टँकरांत नाही, दारातल्या ड्रमांत आहे. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. गोळी मात्र दुसऱ्याच माणसानं शोधली आणि त्याला नोबेल मिळालं नाही.

अकिरा एन्डो हे जपानच्या उत्तरेकडच्या अकिता प्रांतातलं शेतकऱ्याचं पोर, जन्म १९३३ चा. अळंबी आणि बुरशी यांचं वेड लहानपणापासूनचं, त्यात फ्लेमिंग आणि पेनिसिलिनची गोष्ट वाचलेली. साठच्या दशकात दोन वर्षं न्यूयॉर्कला होते. तिथं स्थूल म्हातारी माणसं आणि हृदयविकारानं कोसळलेल्यांना न्यायला येणाऱ्या अॅम्ब्युलन्स पाहून ते चक्रावले. परत आल्यावर टोकियोच्या सान्क्यो कंपनीत त्यांनी एक अंदाज बांधला: बुरशी आपल्या शत्रू सूक्ष्मजीवांशी लढायला काय काय रसायनं बनवते, तिच्या जातींतल्या एखादीनं कोलेस्टेरॉलचा कारखानाच रोखणारं काही बनवलं असेल. मग १९७१ पासून एकेक बुरशी वाढवायची आणि तपासायची. सुमारे सहा हजार. आमच्याकडे पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीवर एक बुरशी आली तरी घरात जो अबोला धरला जातो, त्या हिशेबानं हे सहा हजार मोजून पाहावेत. १९७३ मध्ये क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरच्या निळ्या-हिरव्या बुरशीत त्यांना हवं ते सापडलं. तिचं नाव पेनिसिलियम सिट्रिनम, आणि तिच्या रसातून निघालेलं कॉम्पॅक्टिन हे पहिलं स्टॅटिन.

आता हे उंदरांना दिलं. उंदरांवर ढिम्म परिणाम नाही. अशा वेळी साधा माणूस हात झटकून मोकळा होतो. एन्डो अडून राहिले. त्यांच्या एका सहकाऱ्याकडे प्रयोगासाठी पाळलेल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. अंड्याच्या बलकात कोलेस्टेरॉल भरपूर, म्हणजे ते घालणाऱ्या कोंबडीचा कारखानाही जोरात असणार, हा सरळ हिशेब. कोंबड्यांना कॉम्पॅक्टिन दिलं आणि त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. कोंबड्यांना काही वाटलं का, याची नोंद नाही. बहुधा काहीच वाटलं नसावं. मी हे मेडिकलवाल्या पोराला सांगितलं तर तो म्हणे, "म्हंजे सर, हे सारं जग कोंबड्याईच्या उपकारावर जगून रायलं?" अगदीच खोटं नाही.

पुढं १९८० मध्ये कुत्र्यांवरच्या चाचण्यांत काही संशयास्पद दिसलं म्हणून कंपनीनं कॉम्पॅक्टिन गुंडाळलं. तोवर अमेरिकेतल्या मर्क कंपनीनं दुसऱ्या एका बुरशीतून सख्खं भावंड काढलं होतं. ते लोवास्टॅटिन १९८७ मध्ये बाजारात येणारं पहिलं स्टॅटिन ठरलं. नंतरची अॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन ही प्रयोगशाळेत घडवलेली, बुरशीशिवायची. एन्डोंना या व्यवहारातून पैसा असा मिळाला नाही. २००८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. २०२४ च्या जूनमध्ये नव्वदाव्या वर्षी ते गेले, तेव्हा जठारपेठेतल्या कुठल्याही काउंटरवर कुणी ती बातमी काढली नाही. रोज रात्री जेवणानंतर आपण ज्या माणसाचं देणं पाण्याबरोबर गिळतो त्याचं नाव आपल्याला माहीत नसावं, याचं मला वाईट वाटतं खरं. पण वरण-भाताचा तांदूळ कुणी पिकवला हेही आपण कुठं विचारतो.

या गोळीचा मला सगळ्यात आवडणारा भाग आकड्यांचा आहे. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात एक मोठी चाचणी पूर्ण झाली. हृदयविकार झालेले ४,४४४ रुग्ण. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि पाच वर्षांहून जास्त वाट पाहिली. पोकळ गोळीवाल्यांत २५६ माणसं गेली, स्टॅटिनवाल्यांत १८२. फरक ७४. आता गंमत पाहा. हे ७४ लोक कोण? कुणालाच सांगता येत नाही. त्यांना स्वतःलाही माहीत नाही. स्टॅटिन घेऊन जगलेल्या दोन हजारांवर माणसांपैकी बहुतेक गोळीशिवायही जगलेच असते. काही जण मात्र गोळीमुळे जगले, आणि तेही इतरांसारखेच सकाळी उठले, चहात साखर कमी म्हणून कुरकुरले, पेपर वाचला. ज्या दिवशी आपण मरायचे होतो तो दिवस त्यांच्या अंगावरून नुसता निघून गेला. बहुधा एखादा कंटाळवाणा मंगळवार असेल. खोकल्याचं औषध घेणारा 'बरं वाटलं' म्हणू शकतो. या गोळीनं वाचलेल्याला 'मी वाचलो' म्हणायची सोय नाही. ज्याचे आभार मानता येत नाहीत असं औषध हे वऱ्हाडी स्वभावाला फार जड जातं, कारण आपल्याकडे उपकार फेडल्याशिवाय झोप येत नाही. आणि इथं उपकार झाला की नाही हेच ठरत नाही.

मग माणूस दुसरं काहीतरी शोधतो. काहीच होत नाही म्हटल्यावर मन स्वस्थ बसत नाही. साहेबांचं सुरुवातीपासून म्हणणं होतं, "गोयी चालू केली तवापासून पिंढऱ्या दुखून रायल्या, सर." स्नायू दुखणं हा स्टॅटिनवरचा जगभरातला सगळ्यात मोठा आरोप. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी त्याची मजेदार परीक्षा घेतली. ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलं होतं अशी ६० माणसं घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक: चारांत स्टॅटिन, चारांत पोकळ गोळ्या, चार रिकाम्याच. कुठली गोळी कशातली हे त्यांना सांगितलं नाही. रिकामी बाटली मात्र रिकामीच दिसायची. रोज किती त्रास होतोय ते लिहायचं. २०२० मध्ये निकाल आला. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी. गोळीच्या महिन्यांत जास्त. पण स्टॅटिन असो वा पोकळ, त्रास जवळजवळ सारखाच. स्टॅटिनवर जेवढा त्रास होत होता त्यातला नव्वद टक्के पोकळ गोळीनंही होत होता. म्हणजे माणसं खोटं बोलत नव्हती. त्रास खरंच होत होता. फक्त तो बहुतांश गोळी गिळण्यानं होत होता, गोळीतल्या औषधानं नव्हे.

याचा अर्थ स्टॅटिन गोगलगाय आहे असा नाही. क्वचित कुणाच्या स्नायूंना खरीखुरी इजा होते, आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ज्यांची साखर आधीच काठावर आहे त्यांची ती थोडी वर जाऊ शकते. पण पिंढरी दुखली की आधी शेजारच्या आजोबांना विचारून गोळी सोडायची, ही आपली पद्धत त्या साठ जणांनंतर जरा मागं घ्यायला हरकत नाही.

शेजारच्या आजोबांवरून आठवलं. गल्लीत स्टॅटिनला पर्याय सांगणारे खूप. लसूण, अर्जुनसाल, मेथ्या, दुधीचा रस. यांतल्या दुधीच्या रसाबद्दल एवढंच सांगतो की तो कडू लागला तर नाक दाबून पिऊ नका, ओतून द्या. कडू दुधीच्या रसानं माणसं दवाखान्यात गेली आहेत आणि काही परत आलेली नाहीत. इसबगोलाचं मात्र खरंच आहे, आणि गंमत म्हणजे त्याचीही चाल तीच. चोथा आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. यकृताला नवं पित्त करायला कोलेस्टेरॉल लागतं. घरात तूट पडते. ड्रम दारात येतात. थोडेच, पण येतात.

तुपाचं उलट. लोणी, तूप, वनस्पतीतली घट्ट चरबी ड्रम आत घ्यायला लावते, म्हणून एलडीएल वाढतं. हे सांगितलं की आमच्या घरी चूल पेटायची ती विझते. शनिवारी मारुतीला रोडगे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून वाटीभर तुपात बुडवायचे. वरण, वांग्याची भाजी, पंगत शेतात झाडाखाली. त्या रोडग्याला तूप नाही असं कुणी म्हणालं तर मारुतीही पंगत सोडून उठेल. मी डॉक्टर नाही, मी रोडग्याला तूप घेतो. वर्षातून दोन-चार पंगतींनी यकृत काही दिवाळखोर होत नाही. रोजच्या कढईचं काय ते बघावं. त्या वनस्पतीचं, आपण ज्याला डालडा म्हणत आलो त्याचं, एक बरं झालं: त्यातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे.

तेलाच्या बाटलीवर मात्र माझा राग आहे. लाल हृदय काढलेलं, आणि खाली 'कोलेस्टेरॉल-मुक्त'. करडई घ्या, सरकी घ्या, जवस घ्या, भुईमूग घ्या. नाव घेण्यासारखं कोलेस्टेरॉल त्यांच्यात कधी नव्हतंच, तो प्राण्यांचा माल आहे. मुक्त कशापासून केलं? या न्यायानं सरकीच्या ढेपेच्या पोत्यावरही ते छापता येईल. म्हशीच्या मनाला तेवढाच आधार.

आणि संत्री. वरुड-मोर्शीकडून पाहुणा आला की पेटी येते, आणि मग कुणीतरी मोबाइलमध्ये वाचलेलं असतं की संत्र्यानं ही गोळी बाधते. ते संत्रं नव्हे, ग्रेपफ्रूट. त्यातल्या एका द्रव्यानं आतड्यातलं गोळी मोडणारं विकर बंद पडतं आणि सिम्वास्टॅटिन, अॅटोर्वास्टॅटिनसारख्या गोळ्या रक्तात जास्त चढतात. पपनसातही ते द्रव्य असतं. आपल्या नागपुरी संत्र्यावर तो आळ नाही. अमरावती जिल्ह्याच्या वतीनं हे एकदा कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

तपासणीच्या आदल्या दिवसाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. साहेब आदल्या रात्री दुधीची भाजी आणि बिनतेलाची ज्वारीची भाकर खाऊन प्रयोगशाळेत जातात, वर्षभराच्या पोह्या-कचोऱ्यांचा हिशेब एका रात्रीत बुजवल्यासारखे. एलडीएल एका जेवणानं ना चढतं ना उतरतं. चढतात-उतरतात ते जेवणाशी जोडलेले ट्रायग्लिसराइड नावाचे रक्तातले स्निग्ध पदार्थ. हृदयतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं २०२४ मध्ये पहिल्यांदाच आपल्या देशासाठी कोलेस्टेरॉलबद्दलचं मार्गदर्शन काढलं, त्यात बहुतेकांना उपाशीपोटी यायची गरज नाही असंही सांगितलं आहे. साध्या माणसाचं एलडीएल शंभराच्या खाली, आणि ज्याच्या हृदयानं एकदा इशारा दिलाय त्याचं ५५ च्या खाली. हे ५५ ऐकून साहेब बराच वेळ गप्प होते. सेवानिवृत्तीच्या वयापेक्षा कमी, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं.

परवा त्यांनी पुन्हा गोळी सुरू करायचं कबूल केलं. मी खूश होऊन एन्डोंची एक गोष्ट सांगितली. म्हातारपणी त्यांनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं, तर कोलेस्टेरॉल वाढलेलं. डॉक्टरांनी धीर दिला की काळजी करू नका, हल्ली यावर फार चांगली औषधं निघाली आहेत. समोर कोण बसलंय हे त्या डॉक्टरला माहीत नसावं.

साहेब पोट धरून हसले. मग थांबले. "मंग त्यानं खाल्ली का सोताची गोयी?"

मला खरं सांगणं भाग होतं. छापून आलं आहे ते असं, की त्यांनी गोळीऐवजी आधी व्यायाम वाढवला.

"पाहा!" साहेब उठून उभेच राहिले. "ज्यानं काढली थोच खाऊन नाई रायला! मी तरी दुसरं काय म्हणून रायलो होतो?"

आतून वहिनींचा आवाज आला, "मंग चाला उद्या पाच वाजता कृषी विद्यापीठात फिराले. म्याबी येतो."

साहेब हळूच खाली बसले आणि पिंढरी चोळायला लागले. "पाय लय दुखून रायले, सर. हे गोयीनं पुरं खाल्लं मले."

गोळी सोडून त्यांना तेव्हा पाच महिने झाले होते.